पाळणा की पाळणाघर?

'पिंजरा' म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक, शांतारामबापूंचा १९७२ सालचा सिनेमा. दुसरी, गॅलरीत टांगलेला पोपट. त्यामुळे कुत्र्याच्या पिल्लासाठी पिंजरा घ्यायचाय, असं घरात नुसतं म्हणून बघा. आई म्हणणार, ''एवढंसं लेकरू ते, त्याला कोंडायचं?'' बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, ''आमच्या वाड्यात दोन कुत्री होती, त्यांना कुणी पिंजरा घेतला नव्हता.'' आणि शेजारच्या काकू नुसत्याच बघणार. त्या बघण्यात सगळं येतं!

म्हणून आजकालची स्मार्ट मंडळी पिंजरा म्हणतच नाहीत. 'क्रेट' म्हणतात. शब्द बदलला की गिल्ट जातो, हा आपला जुना फंडा. पण गंमत अशी, की या भांडणात आई आणि स्मार्ट मंडळी, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. क्रेट ही जाम कामाची वस्तू आहे. आणि पिल्लाला दिवसभर कोंडून ठेवणं ही वाईट गोष्ट आहे. या दोन वाक्यांच्या मधे जे काही आहे, त्यावरच आजचा कॉलम.

आमच्याकडे चिकू आहे. जात इंडी, रंग चिकूचा. चार वर्षांची झाली. तिचा क्रेट बेडरूमच्या कोपऱ्यात असतो, दार कायम उघडं, आणि दुपारची झोप बाईसाहेब तिथेच काढतात. सोफा रिकामा असला तरी. त्यामुळे नवीन पिल्लू आणणारे मित्र-मैत्रिणी हमखास मला फोन करतात. कुठला घेऊ? किती इंची? किती दिवसांत सवय होते? सगळं सांगतो. पण त्यानंतर एक प्रश्न मी विचारणार आहे, त्याचं उत्तर तयार ठेवा.

आधी टेप काढा

क्रेटचं माप इंचांत असतं, लांबीप्रमाणे. २४, ३०, ३६, ४२ आणि ४८. नियम सोपा आहे. कुत्र्याला आत डोकं न आपटता उभं राहता आलं पाहिजे, पूर्ण वळता आलं पाहिजे आणि पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. मोजायचं कसं? नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक चार इंच. बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची, अधिक तीन-चार इंच. कान उभे असतील तर कानांच्या टोकापर्यंत मोजा, तोही त्याचाच अवयव आहे!

पगसाठी साधारण २४ इंची पुरतो, बीगलला ३०, आपल्या मध्यम इंडीला ३६ आणि लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हरला ४२. अर्थात तुमचा कुत्रा पुस्तक वाचून वाढत नाही, त्यामुळे शेवटी टेपच खरी.

आता इथे एक घोळ होतो. पिल्लू आज दीड फुटाचंही नाही आणि सहा महिन्यांत ते भलंथोरलं होणार. मग दोनदा खर्च कशाला, म्हणून लोक सरळ मोठा क्रेट घेतात. विचार बरोबर, पण सोबत डिव्हायडर हवाच. म्हणजे आत सरकवायची जाळी. कारण क्रेटचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे : कुत्रा आपली झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही. क्रेट ऐसपैस असला, तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं. वन बीएचकेचं टू बीएचके झालं की आपण नाही का लगेच एक खोली अडगळीची करत? तसंच. पिल्लू वाढेल तशी जाळी मागे सरकवत न्या.

आणि हो, जे पिल्लू आधी दुकानातल्या घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलंय, त्याची ही मूळ सवयच मोडलेली असू शकते. त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून पिल्लू कुठून आणताय, ते जाऊन बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या श्वान प्रजनन नियमांत बंदी आहे. ''महिन्याचंच आहे, घेऊन जा'' असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

लोखंडी, प्लॅस्टिक की कापडी?

आपल्या हवेत, म्हणजे एप्रिलमधलं पुणं आणि बारा महिने घामाघूम मुंबई, दोन्हीकडे तारेचा घडीचा क्रेट बरा. हवा चारी बाजूंनी खेळते, खालचा ट्रे ओढून धुता येतो, गरज संपली की घडी करून कपाटामागे. पावसाळ्यात गंज चढतो, तेव्हा कोटिंग नीट बघून घ्या. प्लॅस्टिकचा क्रेट प्रवासाला चांगला, पण घरात उन्हाळ्यात उकडतो. कापडी क्रेट दिसतो झकास, फोटोही छान येतात. पण दात येणारं पिल्लू त्याची चेन एका दुपारी संपवतं.

घेताना चार गोष्टी तपासा. दोन तारांमधल्या फटीत पंजा किंवा जबडा अडकेल का? जोडांवरून बोट फिरवा, टोचतंय का? कडी बाहेरून पक्की लागते का, की नाकाने ढकलली की उघडते? आणि ट्रे दार न उघडता बाहेर येतो का? ऑनलाइन घेतलात तर हे सगळं घरी आल्यावर, पिल्लू यायच्या आत करा.

आतमध्ये महागडी गादी नको. पहिले काही महिने ती गादी नसते, ते खेळणं असतं. जुनी चादर किंवा सतरंजीचा तुकडा पुरे. तीन बाजूंनी सुती साडी किंवा ओढणी टाका, म्हणजे आत जरा अंधार आणि आडोसा होतो. उन्हाळ्यात मात्र दोन बाजू मोकळ्या ठेवा. पाण्याचं भांडं गजांना अडकवायचं मिळतं, ते घ्या.

बाल्कनी नको

क्रेट ठेवायची जागा म्हटलं की आपल्या फ्लॅटमध्ये सगळ्यांची नजर बाल्कनीकडे जाते. नको. ऊन, पावसाची झड, खालच्या गाड्या आणि वर एकटेपणा, असं चारही बाजूंनी वाईट पॅकेज आहे ते. दिवसा क्रेट हॉलमध्ये, जिथे माणसं असतात पण सतत पायाखाली येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. रात्री तुमच्या बेडशेजारी. आईची आणि भावंडांची ऊब सोडून ते कालच आलंय, त्याला निदान तुमचा श्वास तरी ऐकू येऊ दे. हात खाली सोडला की त्याच्या नाकाला लागेल, इतक्या अंतरावर. दोन-तीन आठवड्यांनी हवा तर रोज थोडा थोडा लांब सरकवा.

दार लावायची घाई नको

आता ट्रेनिंग. यात एकच सूत्र आहे : क्रेटमध्ये जाणं ही पिल्लाची आयडिया वाटली पाहिजे.

पहिले दोन दिवस दार उघडंच बांधून ठेवा, वाऱ्याने आपटायला नको. येता-जाता आत खाऊचा एकेक दाणा टाका आणि लक्ष नसल्यासारखं करा. पिल्लू जाईल, खाईल, बाहेर येईल. येऊ दे. मग जेवणाचं भांडं आत ठेवायला लागा, आधी दाराशी, मग रोज थोडं आत. ते निवांत जेवायला लागलं की जेवताना दार लावा आणि जेवण संपायच्या आत उघडा. मग दहा सेकंद जास्त. मग अर्धा मिनिट. मग तुम्ही खोलीबाहेर जाऊन परत या. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये घट्ट करून ठेवलात, तर वीस मिनिटांची निश्चिंती. आत जाण्यासाठी एक शब्द ठरवा. आम्ही ''चल घरात'' म्हणतो. एकाने 'घरात', दुसऱ्याने 'इन' आणि आईने ''जा गं बाई तिकडे'' म्हटलं, तर पिल्लाने काय समजायचं?

कुणाला चार दिवस लागतात, कुणाला महिना. शेजाऱ्याच्या शिट्झूशी स्पर्धा लावू नका. आणि बूट चावला म्हणून क्रेटमध्ये टाकणं हे कधीही नाही. शिक्षेची जागा आणि झोपायची जागा एक असू शकत नाही. आपल्यापैकी कुणाला बॉसच्या केबिनमध्ये झोप लागेल?

लसी आणि लिफ्ट

परदेशी व्हिडिओंमध्ये एक सोपा सीन असतो. पिल्लू क्रेटमधून बाहेर आलं, मागचं दार उघडलं, अंगणातल्या हिरवळीवर शू झाली, शाब्बासकी. आपल्याकडे अंगण म्हणजे लिफ्टने सात मजले खाली पार्किंग. आणि तिथे जायलाही अजून परवानगी नाही! कारण पिल्लाच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पार्व्होची भीती असते. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लहान पिल्लाच्या जिवावर उठतो. त्यामुळे डॉक्टर हो म्हणेपर्यंत सोसायटीच्या आवारात पंजा टेकवायचा नाही. कडेवर घेऊन जग दाखवायला मात्र हरकत नाही.

म्हणजे आपल्याला घरातच एक 'अंगण' हवं. बाल्कनीचा किंवा बाथरूमचा एक कोपरा ठरवा, तिथे वर्तमानपत्र किंवा पॅड. झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळा उचलून थेट तिथे. काम झालं की त्याच क्षणी कौतुक. चुकून दुसरीकडे झाली तर आरडाओरडा नको, नाक घासणं तर अजिबात नको. पुसून घ्या. फिनेलच्या वासाने आपल्याला स्वच्छ वाटतं, पण खालचा वास कुत्र्याच्या नाकाला येतोच, शिवाय फिनेल चाटणं त्याच्यासाठी घातक. पाळीव प्राण्यांसाठीचे एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, ते वापरा.

रात्री दोन-अडीचचा गजर लावा. दिवा नाही, गप्पा नाहीत, खेळ नाही. उचललं, कोपऱ्यावर नेलं, झालं, परत आत. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, की पिल्लू आलंय, थोडं रडेल. पेढे दिलेत तर उत्तम. सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय खरं. पण रात्री तीन वाजता सूचनांपेक्षा पेढे जास्त कामाला येतात.

रडणं ऐकायला शिका

''रडू दे, आपोआप गप्प होईल,'' असं सांगणारे खूप भेटतील. पण रडण्याचेही प्रकार असतात. झोपलेलं पिल्लू अचानक उठून कुंई कुंई करायला लागलं, तर शू आलीय. लगेच न्या. आत्ताच सगळं आवरून आलंय आणि जरा कुरकुर करतंय, तर ती तक्रार आहे. दोन मिनिटं थांबा, बोटं जाळीपाशी न्या, बहुतेक वेळा झोप लागते. पण लाळ गळतेय, गज चावतंय, नखांनी ट्रे खरवडतंय, किंकाळ्या फोडतंय, तर ती भीती आहे. तिथे दार उघडायचं आणि ट्रेनिंग दोन पायऱ्या मागे न्यायचं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांशी बोला. काही कुत्र्यांना बंद जागा झेपतच नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

आता माझा प्रश्न

तुम्ही घराबाहेर किती तास असता?

मागच्या वर्षी माझा एक मित्र आणि त्याची बायको याच प्रश्नावर अडले. दोघंही हिंजवडीत, दोघंही आयटीत. लॅबचं पिल्लू ठरलेलं, टोकन दिलेलं, शनिवारी आणायचं होतं. मला फक्त ३६ की ४२ एवढंच विचारायला भेटले होते. मी टिश्यू पेपरवर मांडून दाखवलं. पिल्लाच्या पोटाचा ढोबळ हिशोब असा : वय जितके महिने, अधिक एक, तितके तास ते जास्तीत जास्त कळ काढू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू, तीन तास. हेही कमाल, रोजचं टार्गेट नाही. आणि हे दोघं निघणार सकाळी नऊला, परत येणार ट्रॅफिक धरून साडेसातला.

''मग ट्रेमध्ये पॅड टाकू,'' मित्र म्हणाला.

म्हणजे ज्या एका सवयीवर क्रेट उभा आहे, तीच मोडायची. त्याची बायको टिश्यूकडे बघत होती. तिने खाली आणखी एक ओळ लिहिली. दिवसाचे साडेदहा तास, रात्रीचे साडेसात. बेरीज अठरा.

''चोवीसातले अठरा?'' ती म्हणाली. ''मग त्याला घरी कशासाठी आणायचं?''

मित्र चिडला. पिल्लं तशीही अठरा-वीस तास झोपतातच, म्हणाला. खरं आहे ते. पण तुकड्यातुकड्याने झोपतात. मधल्या वेळात ती चावतात, धावतात, माणसं ओळखायला शिकतात, एकटं राहायला थोडं थोडं शिकतात. साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा काळ हा जगाची ओळख होण्याचा असतो. तो काळ जाळीमागे गेला, तर पुढे प्रत्येक अनोळखी माणूस आणि प्रत्येक कुकरची शिट्टी त्याला भीतीची वाटू शकते. त्या संध्याकाळी दोघं माझ्यासमोर बरंच भांडले. बिल मीच दिलं.

शनिवारी त्यांनी पिल्लू आणलं नाही. टोकनचे पैसे गेले. पाच महिन्यांनी त्यांनी एका शेल्टरमधून तीन वर्षांची मोठी इंडी दत्तक घेतली. तिला कळ काढता येते, दुपारी एक वॉकर येऊन फिरवून जातो, आणि तिचं दिवसाचं घर म्हणजे अख्खा हॉल आहे. क्रेट आहे, ३६ इंची. दार उघडं.

सगळ्यांनीच असं करावं असं नाही. पर्याय असतात. पहिले दोन आठवडे दोघांनी आलटून पालटून रजा घ्या. घरून कामाचे दिवस वेगवेगळे ठरवा. दर तीन तासांनी येणारी विश्वासू व्यक्ती शोधा, शेजारच्या त्या बघणाऱ्या काकूसुद्धा चालतील, त्यांना बहुतेक आवडेलच! तरीही मधे वेळ उरत असेल, तर बंद क्रेटऐवजी प्लेपेन घ्या. म्हणजे जाळीचं कुंपण, त्यात एका बाजूला दार उघडा क्रेट, दुसऱ्या टोकाला पॅड, मधे खेळायला जागा. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर 'आत्ता नाही' हेही एक उत्तर आहे. ते देणाऱ्याला कुत्री आवडत नाहीत असं कुणी समजू नये.

अमेरिकेत क्रेट घरोघरी दिसतो, म्हणून तो जगभर मान्य आहे असंही नाही. स्वीडनमध्ये प्रवास वगैरे अपवाद सोडले, तर घरात कुत्र्याला असं पिंजऱ्यात ठेवायला परवानगीच नाही. आपल्याकडेही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ सांगतं, की हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं ही क्रूरता आहे.

मग क्रेट हवाच कशाला? कारण आयुष्यात अशा वेळा येतात. दिवाळीत बाहेर सुतळी बॉम्ब फुटत असताना साडीचा आडोसा असलेली ओळखीची गुहा मोठा आधार देते. गणपतीत पन्नास माणसं घरात आणि नैवेद्याचं ताट नाकाच्या उंचीवर असताना अर्ध्या तासाची सोय होते. ऑपरेशननंतर हालचाल कमी ठेवायची असते. कोकणात जाताना गाडीत ब्रेक लागला तर क्रेटमधला कुत्रा सीटवरून फेकला जात नाही. आणि कधी दवाखान्यात रात्र काढावी लागली, तर ज्याला पिंजऱ्याची सवय आहे तो निदान घाबरत नाही.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला पाळण्यात निजवतातच की. त्याला कुणी कोंडणं म्हणत नाही. पण बाळाला पाळण्यात ठेवून, कुलूप लावून, कुणी दहा तास ऑफिसलाही जात नाही. त्यासाठी पाळणाघर असतं, तिथे माणूस असतो. क्रेट हा पाळणा आहे. त्याच्याकडून पाळणाघराचं काम करून घेऊ नका, एवढंच आईच्या त्या पहिल्या वाक्यात होतं.

तेव्हा ऑर्डरचं बटण दाबायच्या आधी एक कागद घ्या आणि तुमचे तास मांडा. बेरीज जमली, तर मग बिनधास्त ३६ की ४२ ते विचारा. आणि हो, पिल्लू आत गेलं की कॉलर काढून ठेवायची. ती तारेत अडकून फास बसू शकतो. हे मात्र पहिल्या दिवसापासून, दर वेळी.